आई हो म्हणाली

३ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प: आईला आवाज द्यायचा.

पावसाळ्यात तिला झटका आला. जीभ गेली, डावी बाजू गेली. उजवा हात कोपरापासून थोडाफार हलतो. डोळे मात्र सगळीकडे फिरतात. घरात येणारा प्रत्येक माणूस तिच्याशी ओरडून बोलतो, जणू काही ती बहिरी झाली आहे. हे मला सहन होत नाही. मी उभी हयात वॉर्डाच्या भोंग्यावरून पहाटे बातम्या आणि सूचना वाचल्या. माझ्या आवाजावर हा वॉर्ड उठायचा, दात घासायचा, कामाला लागायचा. आता सूचना मोबाइलवर येतात आणि भोंग्यात चिमण्यांनी घरटं केलंय. आवाज काढून घेतलेल्या माणसाचं दुःख काय असतं, ते मला कोणी शिकवू नये.

आज न्यान आली होती. माझी धाकटी बहीण, गावाकडे असते. भांडण झालं.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. रीतीप्रमाणे आता थोरल्या मुलानं, म्हणजे मी, त्यांना शेतातल्या मातीतून वर काढायचं, अस्थी धुवून लहान पेटीत ठेवायच्या आणि कायमच्या जागी न्यायच्या. जागा मी केव्हाच ठरवली आहे. टेकडीवरची नवी स्मशानभूमी. दगडी पायऱ्या, वर मोकळं पटांगण, माइकसाठी विजेची सोय. शेजारचे कुंग मास्तर गेल्या थंडीत आपल्या वडिलांना तिथे घेऊन गेले आणि चार वाक्यं बोलून खाली उतरले. तीही कागदात बघून. बाबांच्या वेळी असं होणार नाही.

न्यान म्हणाली, दादा, बाबा शेवटी नुसते गोळ्या-इंजेक्शनांवर जगले. अशा माणसाला माती उशिरा घेते. अजून दोन वर्षं हात लावू नकोस. मी म्हणालो, ही अंधश्रद्धा आहे. ती म्हणाली, मग शवपेटीचं झाकण उघडलं की तूच पहिला वाक, आणि नाक उघडं ठेव.

शेवटी ठरलं की आईला विचारायचं. बाबांचं शेवटचं सगळं आईनंच केलं, तेव्हा तिचा शब्द अखेरचा. न्यान म्हणाली, आई हो म्हणाली तर मी पुन्हा एक अक्षर बोलणार नाही. पण ती म्हणणार कशी?

तेच तर मी जगाला दाखवणार आहे.

५ जानेवारी

कल्पना साधी आहे आणि क्रांतिकारक आहे. कॉम्प्युटरवर कॅमेरा. आईच्या बोटावर एखादी रंगीत वस्तू. कॅमेरा तो रंग शोधतो, रंग जिकडे जाईल तिकडे स्क्रीनवरचा बाण जातो. स्क्रीनचे दोन भाग: डावीकडे हो, उजवीकडे नाही. बाण एका बाजूला थोडा वेळ थांबला की कॉम्प्युटर ते उत्तर मोठ्यानं बोलतो.

प्रोग्राम इंटरनेटवर फुकट मिळाला. तो कसा लावायचा हे दाखवणारा एका बाईंचा व्हिडिओ होता. बाई फार अडखळत बोलत होत्या, म्हणून आवाज बंद करून पाहिला.

आवाज माझाच भरला. दुसरा कोणाचा भरणार? ‘हो’ म्हणायला सगळी दुपार गेली. पहिला हो कोरडा झाला, दुसरा घाईचा. शेवटी जो हो लागला त्यात माया होती, निश्चय होता, पिढ्यांचं संचित होतं. ‘नाही’ एकदाच म्हणून टाकलं. मध्ये खोकला आला आहे. चालेल.

थोआ, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, अहो, आईंनी जन्मभर तुमचं ऐकलं, आता त्यांच्या तोंडूनही तुम्हीच बोलणार?

तिला तंत्रज्ञान कळत नाही.

७ जानेवारी

लाल रंगाचा प्रयोग. आईच्या बोटावर बाटलीचं लाल झाकण चिकटपट्टीनं बसवलं.

बाण बोटाकडे आलाच नाही. सरळ वर गेला आणि देव्हाऱ्यातल्या बाबांच्या फोटोवर जाऊन थरथरत राहिला.

कारण उघड आहे. फोटोपुढे विजेच्या दोन लाल मेणबत्त्या आहेत. पण नेमकी त्याच वेळी समोरची भाजीवाली कोथिंबीर द्यायला आली. तिनं स्क्रीन पाहिली, फोटो पाहिला, म्हणाली, म्हातारे आलेत वाटतं, आणि चहा न घेता गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की ख्वातच्या कॉम्प्युटरला त्याचा बाप दिसतो.

मेणबत्त्या बंद केल्या. तरी बाण थोडा वेळ फोटोवरच होता. फोटोच्या चौकटीला लाल काठ आहे, त्यामुळे असणार. आई फोटोकडे बघत होती. मी फोटोवर रुमाल टाकला, मग बरं दिसेना म्हणून काढला.

लाल रद्द.

८ जानेवारी

हिरवा: भिंत. निळा: प्लास्टिकच्या खुर्च्या. पिवळा: संध्याकाळच्या उजेडात आई स्वतःच.

आता नारिंगी. पूर्ण घर शोधलं, नारिंगी काहीही नाही. म्हणजे हाच रंग. थोआनं उरलेल्या लोकरीची बोटाएवढी टोपी विणून दिली. लोकरही शेजारणीकडची. चार टाके घालताना शंभर टोमणे मारले, पण टोपी सुबक आहे.

१० जानेवारी, सकाळ

आज इतिहास घडला. आईनं बोट हलवलं आणि बाण हलला. मला गहिवरून आलं. दोन शब्द बोललो. घरात ऐकायला थोआच होती आणि ती तांदूळ निवडत होती, पण बोललो.

पहिला प्रश्न सोपा ठेवला. आई, मी तुझा मुलगा आहे ना?

नाही.

आरशाप्रमाणे कॅमेरा उलटं दाखवतो हे लक्षात आलं. डावं-उजवं बदललं. पुन्हा विचारलं. हो. थोआ म्हणाली, त्यांना विचार करायला वेळ मिळाला म्हणून.

१० जानेवारी, दुपार

मुख्य प्रश्न: आई, बाबांना या थंडीतच टेकडीवर न्यायचं ना?

नाही.

प्रश्न नीट मांडला नव्हता. पुन्हा मांडला. पार्श्वभूमी सांगितली, दगडी पायऱ्यांचं वर्णन केलं, वरून नदी कशी दिसते ते सांगितलं.

नाही.

आई दमली असावी. दमलेली माणसं नाही म्हणतात. हे मी सभांमध्ये अनेकदा पाहिलं आहे.

११ जानेवारी

जेवणाआधी विचारलं: नाही. जेवणानंतर: नाही. झोपेतून उठल्या उठल्या: नाही, आणि मग माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच प्रश्न मागे घेतला.

थोआ म्हणाली, सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. आता कुठली वेळ उरली? मग तिनं स्वतःच विचारलं, आई, लापशी आणू का? हो. आलं घालू? नाही. बरं, नाही घालत.

निष्कर्ष: लापशीच्या बाबतीत यंत्र अचूक चालतं. मोठ्या प्रश्नांसाठी अजून सुधारणा हवी.

रात्री न्यानचा फोन. विचारत होती, आई काय म्हणाली. सांगितलं की प्रयोग चालू आहेत, घाईनं निष्कर्ष काढणं शास्त्राला मंजूर नाही.

१३ जानेवारी

तेतचा सण, म्हणजे आमचं चांद्र नवं वर्ष, दोन आठवड्यांवर आला. यंदा सणाचं संत्र्याचं झाड सगळ्यांच्या आधी आणलं. कुंडीतलं, माझ्या खांद्याएवढं, बोराएवढ्या संत्र्यांनी लगडलेलं. हमाल म्हणाला, साहेब, तीनशेच्या वर फळं आहेत, मोजून घ्या. कुंग मास्तरांचं झाड त्यांच्या कमरेला लागतं.

पुढच्या खोलीत एकच कोपरा मोकळा होता, आईच्या खाटेशेजारी. तिथेच ठेवलं. आईला सण दिसायला हवा. कॅमेऱ्यातही झाड छान दिसतं. नेमकं ‘हो’च्या बाजूला येतं, त्यामुळे स्क्रीन सणासारखी सजली आहे.

१४ जानेवारी

हो.

एकदाच विचारलं. प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. हो. माझाच आवाज, पण त्यात आई होती. मी डोळे पुसले.

माणसाचं मन वळवायला काय लागतं? धीर लागतो, सत्य लागतं, शब्दावर श्रद्धा लागते. ज्यांनी लोकांपुढे उभं राहून बोलण्यात आयुष्य घालवलं त्यांनाच हे कळतं. तलवारीनं शरीर वाकतं, शब्दानं माणूस वळतो. हे वाक्य टेकडीवरच्या भाषणात घ्यायचं.

पुन्हा विचारलं, खात्रीसाठी. हो. पुन्हा. हो.

१५ जानेवारी

आई पूर्ण बदलली आहे. कशालाही नाही म्हणत नाही. सणाचा परिणाम.

थोआला मात्र चांगलं चाललेलं बघवत नाही. खाटेपाशी बसून विचारत होती, आई, काल तुम्ही छपरावर चढला होतात का? हो. मग तिथून उडी मारलीत? हो. माझी लापशी खारट होती? हो. थोआ माझ्याकडे वळून म्हणाली, आता बोला.

मी म्हणालो, आईची विनोदबुद्धी परत आली, ही फार चांगली खूण आहे.

थोआ हसली नाही. म्हणाली, त्यांचा हात बघा ना, हात कुठे चाललाय. आई हात सारखा उजवीकडे नेते, पार खाटेच्या कडेपर्यंत. कडेवरून खाली पडतो, मग पुन्हा उचलून नेते. दिवसभर. व्यायाम म्हणून उत्तम आहे. आठवड्यापूर्वी एवढा हात उचलत नव्हती.

१७ जानेवारी

आज सर्वांसमक्ष विचारलं. न्यान गावाहून आली होती. कुंग मास्तर, त्यांची बायको आणि दोन चुलतभाऊ साक्षीला. आधी मी थोडं प्रास्ताविक केलं. कुंग मास्तर मधेच म्हणाले, ख्वात, म्हातारीला विचार, आम्हाला काय सांगतोस.

विचारलं. आई, बाबांना टेकडीवर नेऊ?

हो.

 चुलतभावांनी माना डोलावल्या. न्यान आईच्या पायाशी बसून होती. तिनं स्क्रीन पाहिली, मग आईचा चेहरा पाहिला. म्हणाली, दादा, ती रडतेय.

आनंदाश्रू. मी तसं सांगितलं. आईचा हात पुन्हा उजवीकडे जाऊन खाटेवरून खाली लोंबला होता. कुंग मास्तरांच्या बायकोनं तो उचलून पांघरुणाखाली घातला आणि म्हणाली, थंडी आहे.

हात पांघरुणाखाली गेल्यावरही कॉम्प्युटर म्हणाला, हो. इतका ठाम निर्णय मी कोणत्याही बैठकीत पाहिला नाही.

न्यान उठली, तिनं चपला घातल्या. मी म्हणालो, जेवून जा. ती काही बोलली नाही. शब्द दिलाय ना, म्हणून, असं थोआ म्हणाली.

१८ जानेवारी

मुहूर्त काढणाऱ्याकडे गेलो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. चुलतभावांच्या समाधानासाठी. त्यानं बाबांचं जन्मवर्ष विचारलं, मृत्यूचं विचारलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, यंदा कशाला? मी म्हणालो, घरच्या वडीलधाऱ्या माणसाची संमती आहे. तो म्हणाला, कोणाची? आईची. आई बोलते? हो, आता बोलते.

त्यानं एकवीस तारीख दिली. म्हणाला, त्यातल्या त्यात. सूर्य दिसायच्या आत काम उरकायचं, अस्थींवर ऊन पडता कामा नये.

भाषण पंधरा पानांचं झालंय. कमी करायला मन होत नाही. बाबांचं बालपण, लाल नदीचा पूर, बंधारा, कष्ट, आणि मग आवाज या विषयावर येतो. टेकडीवर नेण्यासाठी भाड्याचा स्पीकर सांगितला. एक लहान माइक शेतातही नेणार. तिथे दोन शब्द, टेकडीवर पूर्ण.

आमचा कुत्रा दोन दिवस घरात येत नाही. भाजीवालीच्या दारात झोपतो. थंडीत कुत्री जागा बदलतात.

२० जानेवारी, संध्याकाळ

उद्या पहाटे निघायचं. एकट्यानं आईपाशी बसलो. माणसानं मोठ्या कामाआधी आईचा आशीर्वाद घ्यावा. विचारलं, आई, उद्या जाऊ ना?

हो.

मन शांत झालं. एवढ्यात थोआ अंगणातून आली. तिच्या हातात नारिंगी टोपी होती, ओली. म्हणाली, सकाळी लापशी सांडली म्हणून धुतली, अजून वाळली नाही. अहो, तुम्ही कोणाशी बोलताय?

मी आईच्या बोटाकडे पाहिलं. बोट उघडं होतं.

कॅमेऱ्यालाही सवय होते. इतके दिवस एकच गोष्ट बघितल्यावर तो शिकतो, माणसासारखाच. व्हिडिओतल्या बाईंनी बहुतेक हेच सांगितलं असेल. शिवाय निर्णय सतरा तारखेलाच झाला आहे, साक्षीदारांसमोर. आजचा प्रश्न औपचारिक होता.

थोआ म्हणाली, झाड जरा सरकवून बघू का? मी म्हणालो, कुंडी जड आहे. ती म्हणाली, मी सरकवते. मी म्हणालो, फळं पडतील, सणाच्या तोंडावर फळं पडणं चांगलं नसतं.

हे मी का म्हणालो कळत नाही. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही.

२१ जानेवारी

आज लिहिणार नाही.

२१ जानेवारी, दुपार

न्यानचं बरोबर होतं असं म्हणता येणार नाही. माती ओली होती, या वर्षी पाऊस लांबला, अनेक कारणं असू शकतात.

२२ जानेवारी

लिहून ठेवलं पाहिजे. मी सत्याला घाबरणारा माणूस नाही.

अंधारात पोचलो. न्यान आधीच तिथे होती, कंदील घेऊन. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कंदील वर धरला. चुलतभावांनी आणि गड्यांनी माती काढली. मी माइक लावला, ‘एक दोन एक दोन’ म्हणून पाहिलं. शेतात आवाज लांबवर गेला, बंधाऱ्यापर्यंत. कुठेतरी बदकं उठली.

झाकण सैल झालं तेव्हा मी पुढे होतो. थोरला मुलगा म्हणून पहिला मीच वाकलो.

झाकण परत लावलं. कोणी लावलं ते आठवत नाही. बहुतेक सगळ्यांनी मिळून. एक चुलतभाऊ शेताच्या कडेला जाऊन उलटी करत होता. बाबांनी तोच निळा सदरा घातलेला होता आणि

त्यांचे हात

नंतर कळलं की मी बोलत होतो. बंधू-भगिनींनो, असं म्हणालो होतो. पुढचंही म्हणत होतो. माइक चालू होता. सोबत आलेल्या कुंग मास्तरांनी तो माझ्या हातातून घेतला. ओढला नाही, नुसता घेतला. म्हणाले, ख्वात, बस आता.

न्यान गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती आत लोटत होती. फावडी पडलेली होती तरी हातांनीच. बाबा, झोपा, झोपा, काही नाही झालं, झोपा, असं म्हणत होती, ताप आलेल्या मुलाला म्हणतात तसं. सूर्य वर आला तेव्हा अर्धीच माती लोटून झाली होती.

घरी आलो. आईचे डोळे दारावरच होते. मी म्हणालो, आई, सगळं नीट झालं.

कॉम्प्युटर म्हणाला, हो.

त्याबद्दल मी त्या यंत्राचा आभारी आहे.

आज चुलीच्या देवाला निरोप देण्याचा दिवस. वर जाऊन तो वर्षभराचं घरातलं सगळं सांगतो. त्याला वाहन म्हणून थोआनं जिवंत मासे आणले, मी नदीत सोडून आलो. यंदा देवानं थोडक्यात आटोपावं, एवढीच विनंती केली.

२३ जानेवारी

न्यान गाडी घेऊन आली. सरळ आत शिरली. आईच्या खाटेवर बसली, टोपी काढून खिडकीत ठेवली आणि आईचा हात हातात घेतला. म्हणाली, आई, माझ्याकडे यायचंय? यायचं असेल तर दाब.

मी विचारलं, काय म्हणाली? न्याननं बोट वर करून दाखवलं. ते पांढरं पडलं होतं.

मग ती वाकून आईच्या कानाशी म्हणाली, बाबांना तू नाही म्हणालीस ना? आणि पुन्हा हात पुढे केला. या वेळी आईनं तो सोडलाच नाही.

ही पद्धत शास्त्रीय नाही. तिची कुठे नोंद राहत नाही, साक्षीदारांना काही ऐकू येत नाही. मी हे बोललो. आईला उचलताना पुन्हा बोललो. न्यानबरोबर आलेला चुलतभाऊ म्हणाला, जरा बाजूला हो, पाय लागतील.

२४ जानेवारी

खाट मोकळी आहे. निःपक्षपातीपणे तपासणी करायचं ठरवलं.

आईच्या जागी पडलो. टोपी करंगळीतच बसली. थोआला म्हणालो, विचार काहीतरी. ती म्हणाली, काय विचारू? काहीही विचार. तिनं विचारलं, तुम्ही माझं कधी ऐकलंत?

प्रामाणिकपणे नाही म्हणायचं ठरवलं. हात उजवीकडे नेला.

हो.

आणखी नेला. पार खाटेच्या कडेपर्यंत, खांद्यात कळ येईपर्यंत.

हो.

कडेवरून खाली सोडला. वर पाहिलं तर झाडावर सकाळचं ऊन पडलं होतं आणि प्रत्येक संत्रं पेटल्यासारखं दिसत होतं. हो, म्हणाला माझा आवाज. हो. त्यात खरंच माया आहे. निश्चय आहे. हात उचलून परत नेला. हो.

थोआ उठून गेली होती. मला कळलं नाही केव्हा गेली.

कॉम्प्युटर बंद केला. झाड अंगणात ठेवलं. प्रोग्राममध्ये काही सुधारणा आवश्यक आहेत.

खांदा दुखतोय.

२६ जानेवारी

थोआ गावाला गेली. आईंना आंघोळ घालायला न्यानला एकटीला जमत नाही म्हणाली. पानात बांधलेले भाताचे बान चुंग पातेल्यात आहेत, पाणी आटलं की आणखी घाला, कुत्रा आला तर त्याला द्या. मी म्हणालो, सणाला मीही येतो. ती गाठोडं बांधत होती. म्हणाली, न्यान तुम्हाला काही बोलणार नाही, ती शब्दाची पक्की आहे. पण तुम्ही येऊ नका.

मी म्हणालो, मला आईची माफी मागायची आहे. थोडं लिहूनही ठेवलंय.

ती म्हणाली, किती पानं?

मी कागद खिशात घातले.

२८ जानेवारी

उद्या तेत. वर्षाच्या पहिल्या सकाळी जो पहिला उंबरा ओलांडतो, त्याच्या पावलानं घराचं वर्ष ठरतं. इतकी वर्षं आमच्याकडे कुंग मास्तर येत आले. मास्तर माणूस, पाऊल चांगलं. फोन केला. त्यांचा गुडघा दुखतोय. गुडघ्यापासून आमचं दार चार हात आहे, पण गुडघा तो गुडघाच.

चुलतभावाला केला. त्याची बायको म्हणाली, ते बाहेर गेलेत. मागून त्याचा आवाज येत होता.

भाजीवालीनं खरं काय ते सांगितलं. अहो ख्वात, तुमच्याकडे माती उघडून परत झाकली. अशा घरी सणाला पहिलं पाऊल कोण ठेवणार? पोराबाळांची घरं आहेत सगळ्यांची. राग मानू नका. असं म्हणून तिनं कोथिंबीर दिली, ती मात्र उंबऱ्याबाहेरूनच.

राग नाही. उलट संकल्प केला. कोणी येत नसेल तर घरच्याच माणसानं बाहेर जाऊन आत यावं, अशी रीत आहे. पुष्कळ जण करतात. मी लोकांची वाट बघणारा माणूस नाही, लोकांना उठवणारा आहे. सदऱ्याला इस्त्री केली. शुभेच्छांचं भाषण तयार केलं. टेकडीच्या भाषणातली काही वाक्यं त्यात चपखल बसली.

२९ जानेवारी, सकाळ

उजाडल्यावर बाहेर पडलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, जरा थांबलो, परत आलो. येताना कुंग मास्तरांच्या घरात माणसं दिसली, हसण्याचा आवाज येत होता. गुडघा बरा असावा.

आपल्याच दारावर टकटक केली. आत आलो, उजवं पाऊल आधी. खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो, या घराला नवं वर्ष सुखाचं जावो, आईला दीर्घायुष्य लाभो, घरातल्या प्रत्येकाच्या मनातली इच्छा पूर्ण होवो. मग थांबलो. इथे घरच्यांनी उत्तर द्यायचं असतं. थांबलो तेवढा वेळ.

आवाज चांगला लागला होता.